छोट्या गस्तनौकांकडे खान्देशानेही लक्ष द्यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. पाडळसरे धरण वर्षानुवर्षे रखडलेले असताना किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या जहाजांवर सरकार हजारो कोटी रुपये कशासाठी खर्च करते, आणि खान्देशाला समुद्रच नाही तर त्या जहाजांशी आमचा संबंध काय, असा त्या पत्राचा आशय होता. पाडळसरेची व्यथा खरी आहे. दोन दशकांहून अधिक काळ त्या धरणाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु पाणी आणि पहारा यांना एकमेकांसमोर उभे करून त्यांनी जो हिशेब मांडला तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी भुसावळ तालुक्यातील तापीकाठचा शेतकरी असून आयुध निर्माणीतील तीसहून अधिक वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो आहे. माझा धाकटा भाऊ नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेत होता. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ येथे शिक्षण झाल्यावर त्याने नोकरीची काही वर्षे छोट्या गस्तनौकांच्या इंजिनघरात काढली आणि आता तो माझ्यासोबत केळीची शेती करतो. पुढे जे लिहितो त्यातले बरेचसे त्याच्याकडून ऐकलेले, काही वाचलेले आणि थोडे स्वतः पाहिलेले आहे.

खान्देशाला समुद्र नाही, हे भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री समुद्रातून आलेल्या दहा जणांनी ज्या ठिकाणांवर गोळ्या झाडल्या, त्यांपैकी एक छत्रपती शिवाजी टर्मिनसचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे सभागृह होते. त्या एका ठिकाणी 58 माणसे मृत्युमुखी पडली. हल्ल्यातील एकूण मृतांची संख्या 166 होती, म्हणजे तीनातला एकाहून अधिक बळी त्या रेल्वेस्थानकात गेला. तेथे बसलेले लोक किनाऱ्यावरचे नव्हते. पिशव्या उशाला घेऊन रात्रीच्या गाडीची वाट पाहणारे आतल्या मुलखातले प्रवासी होते. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव येथील माणूस मुंबईत दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी गेला, की परतीची गाडी धरण्यासाठी त्याच सभागृहात बसतो. मी स्वतः तेथे किती रात्री वर्तमानपत्र अंथरून काढल्या असतील याची मोजदाद नाही. किनाऱ्यावर जे सुटते ते किनाऱ्यावरच थांबत नाही, हे आपल्या भागातील लोकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ते दहा जण कसे आले, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण छोट्या गस्तनौकेचे काम त्यातूनच कळते. कराचीहून निघाल्यानंतर त्यांनी भर समुद्रात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्यावरील खलाशांना ठार केले, तांडेलाकडून, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडून, ती मुंबईच्या जवळ आणून घेतली आणि मग त्यालाही मारले. शेवटचे अंतर त्यांनी रबरी होडीतून कापले आणि कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले. म्हणजे मुंबईजवळच्या पाण्यात जी नौका शिरली ती भारतीय होती, तिचा नोंदणी क्रमांक भारतीय होता आणि तिच्यासारख्या हजारो नौका त्या पाण्यात रोज फिरत असतात. दूरवर पाहणाऱ्या मोठ्या युद्धनौकेला त्यात वावगे काही दिसले नसते. वावगे तेव्हाच दिसले असते, जेव्हा कोणीतरी जवळ जाऊन, बाजूला नौका लावून, वर चढून, कागद मागून आणि मासळीचे कप्पे उघडून पाहिले असते. माझा भाऊ हे एका वाक्यात सांगतो : “रडारवर तुले ठिपका दिसते दादा, माणूस दिसत नाही.”

त्याआधीचा अनुभवही विसरण्यासारखा नाही. 1993 च्या आरंभी रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि 12 मार्चला मुंबईत 257 लोकांचे प्राण गेले. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने नौदल आणि तटरक्षक दल यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही पंधरा वर्षांनी पुन्हा समुद्रमार्गेच घाला पडला.

आता त्या नौकांविषयी. आमच्या घरी ज्यांची नावे तोंडपाठ आहेत त्या ‘कार निकोबार’ वर्गाच्या दहा नौका कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या आणि 2009 ते 2011 या काळात नौदलात दाखल झाल्या. या वर्गातल्या ‘कार निकोबार’ आणि ‘चेटलाट’ या पहिल्या दोन नौका फेब्रुवारी 2009 मध्ये, म्हणजे मुंबईवरील हल्ल्याला तीन महिने होण्याच्या आतच, सेवेत आल्या. त्यांची मागणी त्या हल्ल्याच्या कितीतरी आधी नोंदवलेली होती. म्हणजे अशा नौकांची गरज नौदलाला आधीच कळलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. फेब्रुवारी 2009 मध्येच किनारा आणि सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्याचा निर्णयही केंद्र सरकारने घेतला. कल्पेनी, चेरियम, कोंदुल, काब्रा अशी या वर्गातील इतर नौकांची नावेही आपल्या लहान लहान बेटांवरून घेतलेली आहेत. पुढे त्याच धर्तीवर, थोडी सुधारणा करून, तारमुगली, तिहायू, तिल्लनचांग आणि तारासा या चार नौका 2016 आणि 2017 मध्ये आल्या.

ही नौका लांबीला सुमारे 49 मीटर आणि वजनाला सुमारे तीनशे टन असते. पुढच्या बाजूला 30 मिलिमीटरची तोफ असते, जी तेलंगणातील मेदकच्या आयुध निर्माणीची आहे. वरणगाव आणि भुसावळच्या निर्माण्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या कामगारांना असा उल्लेख वाचताना समुद्र परका वाटत नाही. नौकेवर चाळीस-पन्नास माणसे असतात आणि वेग तीस नॉटच्या पुढे जातो. पस्तीस नॉट म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटर, आपल्या एसटीचा मोकळ्या रस्त्यावरचा वेग.

या वेगाचे रहस्य वॉटरजेटमध्ये आहे. नेहमीच्या जहाजाला मागे पाण्यात पंखा असतो. या नौकांना तसा पंखा नसून तळाशी जाळी लावलेले एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते, आतला इंपेलर, म्हणजे फिरणारे पाते, त्याला दाब देतो आणि मागच्या नळीतून ते प्रचंड जोराने बाहेर फेकले जाते. नळीचे तोंड वळवले की नौका वळते आणि नळीवर झाकण पाडून झोत पुढे फिरवला की ती थांबते किंवा मागे येते. खाली काही लोंबत नसल्यामुळे ती उथळ पाण्यातही जाऊ शकते. 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘सुरत’ या विनाशिकेला, म्हणजे मोठ्या युद्धनौकेला, जिला आपल्या तापीच्या मुखावरील शहराचे नाव मिळाले आहे, सहा मीटरहून अधिक खोल पाणी लागते. खाडीच्या तोंडाशी, मच्छीमारांच्या होड्यांमध्ये, अंधारात शिरणे हे तिचे काम नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही कोणी करू नये.

हे मी ऐकले तेव्हा मला आमची तापीवरची लिफ्ट आठवली. नदीतून पाणी उचलणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, की मोटर कितीही दणकट असली तरी फूटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या चिकटल्या की पंप हवा धरतो आणि पाणी तुटते. मग कमरेइतक्या पाण्यात उतरून ती जाळी हाताने साफ करावी लागते. नौकेच्या बाबतीतही नियम तोच आहे. समुद्रात तुटलेली नायलॉनची जाळी, दोरखंड आणि प्लास्टिक तरंगत असते, ते त्या तोंडाशी ओढले गेले तर तितका जोर कमी होतो. शिवाय खाऱ्या पाण्यात धातू जितक्या वेगाने गंजतो तितक्या वेगाने गोड्या पाण्यात गंजत नाही. इंजिन, जेट, तेलाच्या नळ्या यांची देखभाल ठरलेल्या दिवशी व्हावीच लागते, आणि ती होण्यासाठी सुटे भाग वेळेवर मिळावे लागतात. तेव्हा गस्तनौकांच्या संख्येइतकेच महत्त्व त्यांतल्या किती नौका आज संध्याकाळी समुद्रात निघू शकतात याला आहे.

काही वर्षांपूर्वी नौदल सप्ताहात मुंबईला जहाजे नागरिकांसाठी खुली असताना भावाने आम्हा सर्वांना नेले होते. एका छोट्या गस्तनौकेवर चढल्यावर पहिली जाणीव झाली ती जागेच्या अभावाची. खाली उतरण्याची शिडी इतकी उभी, की माझ्या पत्नीला पाठमोरे उतरावे लागले. एकावर एक तीन झोपण्याच्या फळ्या, आणि मधल्या फळीवर निजलेल्या माणसाला कुशीवर वळण्यापुरतीच जागा. स्वयंपाकाच्या शेगडीभोवती लोखंडी पट्ट्यांची चौकट होती. ती कशासाठी, असे विचारल्यावर तेथील तरुण खलाशाने सांगितले, की नौका हेलकावे खाऊ लागली म्हणजे पातेले घसरून अंगावर येऊ नये म्हणून. तो मुलगा मूळचा उत्तर प्रदेशातील एका खेड्यातला, त्याच्याही गावाला समुद्र नव्हता. मोठ्या जहाजावर ज्या लाटेची जाणीवही होत नाही, तिच्यावर ही नौका दिवसरात्र डुलते, आणि अशा अवस्थेत रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी होडीवर चढून तपासणी करायची असते.

या नौका फक्त किनाऱ्याजवळ फिरतात असेही नाही. 28 जानेवारी 2011 रोजी लक्षद्वीपजवळच्या समुद्रात ‘कांकरसो’ या कार निकोबार वर्गातील नौकेने सोमाली चाच्यांनी बळकावलेल्या ‘प्रांतलाय 14’ या थाई मासेमारी जहाजाला गाठले. चाच्यांनी गोळीबार केला, त्याला नौकेने उत्तर दिले आणि ते जहाज बुडाले. तटरक्षक दलाचे ‘संकल्प’ हे जहाजही त्या कारवाईत होते. पंधरा चाचे पकडले गेले आणि ओलीस ठेवलेले वीस खलाशी वाचले. ‘कांकरसो’ सेवेत येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. त्यानंतर मार्चमध्ये तिची बहीण ‘कल्पेनी’ हिने किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर ‘वेगा 5’ या जहाजावरील 61 चाच्यांना ताब्यात घेतले आणि 13 खलाशांची सुटका केली. चाळीस-पन्नास माणसांच्या नौकेने एकसष्ट सशस्त्र माणसे पाण्यातून उचलून पहाऱ्यात ठेवली, ही घटना मराठी वृत्तपत्रांत तेव्हा जितकी यायला हवी होती तितकी आली नाही, असे माझे मत आहे. भाऊ त्या कारवाईत नव्हता, पण त्या बातमीचे कात्रण आमच्या घरी अजून जपून ठेवले आहे.

पत्रलेखक विचारतील, की आता उपग्रह आहेत, रडार आहेत, मग नौका कशाला? मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, पहिल्याच टप्प्यात 46 ठिकाणी रडार बसवले गेले, आणि त्यांची माहिती एकत्र करणारे केंद्र नोव्हेंबर 2014 मध्ये गुरुग्राम येथे सुरू झाले. ही कामे मोठी आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु साखळी पुरी होण्याआधी, जुलै 2011 च्या अखेरीस, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे सुमारे हजार टनांचे तेलवाहू जहाज महिनाभर वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूवर लागले. आणि साखळी झाल्यानंतरही ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, तिच्यात तीन एके-47 रायफली सापडल्या. मस्कतजवळ इंजिन बिघडल्याने खलाशांनी सोडून दिलेली ती नौका होती आणि त्यामागे घातपाताचा हेतू नव्हता, हे त्याच दिवशी स्पष्ट झाले. पण तिच्यात काय आहे हे ती किनाऱ्याला लागल्यावर कळले, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

खर्चाविषयी पत्रलेखकांनी उपस्थित केलेला मुद्दा रास्त आहे, म्हणून आकडेच पाहू. मार्च 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी अकरा नव्या सागरी गस्तनौकांचा करार केला. सात गोवा शिपयार्डला आणि चार गार्डन रीचला, आणि एकूण किंमत 9,781 कोटी रुपये. या नौका मोठ्या आहेत आणि दूरच्या पाण्यात अनेक दिवस राहू शकतील अशा आहेत. जानेवारी 2024 मध्ये तटरक्षक दलासाठी चौदा जलद गस्तनौकांचा करार माझगाव डॉकबरोबर झाला, तो 1,070 कोटींचा, म्हणजे एका नौकेला सुमारे 76 कोटी. याउलट ‘सुरत’ ज्या वर्गातील आहे त्या चार विनाशिकांच्या प्रकल्पाचा खर्च सुमारे 35 हजार कोटी होता. विनाशिका हव्यातच, शत्रूच्या नौदलाशी सामना त्या करतात. परंतु एका विनाशिकेच्या किमतीत जवळजवळ दहा सागरी गस्तनौका येतात, हे लक्षात घेतले म्हणजे गस्तनौकांना उधळपट्टी म्हणणे न्यायाचे ठरत नाही. संरक्षणाच्या एकूण खर्चात या नौका सर्वांत कमी पैशांत सर्वांत अधिक दिवस राबणाऱ्या आहेत.

माझी खरी चिंता त्यांच्या वयाची आहे. कार निकोबार वर्गातील पहिल्या नौकांना सोळा वर्षे उलटून गेली आहेत. एवढ्या वेगाने, एवढ्या हलक्या बांध्याने, सतत खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या नौकेसाठी हा काळ मोठा आहे. त्यांची जागा घेणाऱ्या नौका त्या निवृत्त होण्याआधी तयार असल्या पाहिजेत, नाहीतर मधल्या काही वर्षांत किनाऱ्यावरची गस्त विरळ होईल. धरणाच्या बाबतीत विलंबाची किंमत काय असते हे खान्देशाइतके कोणाला माहीत असणार? म्हणून आपल्या जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारच्या खासदारांनी पाडळसरेसाठी जसा पाठपुरावा करावा, तसाच संसदेत या नौकांच्या वेळापत्रकाविषयीही प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. हा प्रश्न फक्त रत्नागिरी किंवा पालघरच्या खासदारांनी विचारायचा असे कोठे लिहिलेले नाही.

आपल्या जिल्ह्याचा माल याच पाण्यातून जातो. रावेर-यावलची केळी वातानुकूलित कंटेनरमधून जवाहरलाल नेहरू बंदरावर जाते आणि तेथून आखाती देशांत पोहोचते. 2021 साली तांदलवाडीची भौगोलिक मानांकन मिळालेली केळी दुबईला गेली, तेव्हा याच वृत्तपत्रांनी आनंदाने बातम्या दिल्या होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच दिवशी मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे होडीची ओळख कळवणारी यंत्रे, बसवण्याची योजनाही जाहीर झाली. इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले हे यंत्र प्रत्येक लहान होडीवर बसले, तर गस्तनौकेला आपली होडी कोणती आणि अनोळखी कोणती हे दुरूनच ओळखता येईल, आणि तिचा वेळ व इंधन खऱ्या संशयितांमागे जाईल. ही योजना कागदावर राहता कामा नये. मच्छीमारांना त्यात संकटाच्या वेळी मदत मागण्याची सोय आहे, त्यामुळे त्यांना ती ओझे वाटणार नाही अशी माझी समजूत आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आमच्या गावात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांची रांग असते. सर्वांच्या तोंडी सैन्यभरती, पोलीसभरती. नौदल आणि तटरक्षक दल यांच्या परीक्षांचे अर्ज भरणारा त्यांत एखादाच सापडतो, कारण त्यांना त्याची माहितीच नाही. ही मुले उन्हाळ्यात तापीच्या डोहात तासन् तास पोहतात, मोटर खोलून जोडतात, ट्रॅक्टरचे इंजिन कानाने ओळखतात. छोट्या गस्तनौकेच्या इंजिनघराला याच हातांची गरज असते. भावाच्या तुकडीत राजस्थान, बिहार, पंजाब येथील, समुद्र कधीही न पाहिलेली मुले होती आणि ती सगळी उत्तम खलाशी झाली.

नौदल सप्ताह डिसेंबरच्या सुमारास येतो आणि त्या वेळी मुंबईत जहाजे पाहण्याची सोय असते. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी मुंबईत पोहोचता येते. आपल्या दैनिकाने यंदा त्या तारखा जाहीर होताच त्या ठळकपणे छापाव्यात आणि शाळांना सहलीसाठी आवाहन करावे, ही माझी आपणास विनंती आहे. सहल काढणाऱ्या शाळेने विनाशिका अवश्य दाखवावी, पण छोट्या गस्तनौकेसाठीही तासभर राखून ठेवावा. माझा भाऊ विनामोबदला सोबत येण्यास तयार आहे, आणि त्या जेटच्या नळ्या कोठून पाहायच्या हे तो मुलांना दाखवील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र वाचक,
तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव